रुमाल टाकून धरलेलं कार्ड: वाटून वापरायच्या मशीनची साठ वर्षं

आमच्या लॅबमध्ये चार सर्व्हर आहेत, त्यांत मिळून आठ जीपीयू कार्डं, आणि वापरणारे आम्ही अकरा जण. मागच्या पावसाळ्यात एका रात्री माझं तीन दिवस चाललेलं ट्रेनिंग मेलं. कार्ड बिघडलं नव्हतं, वीजही गेली नव्हती. झालं असं, की चारही सर्व्हरची मिळून जी सामाईक डिस्क आहे, ती कुणाच्या तरी तात्पुरत्या फाइलींनी काठोकाठ भरली. माझा प्रोग्राम आपली प्रगती डिस्कवर नोंदवायला गेला, अर्धीच फाइल लिहिली गेली आणि सगळं थांबलं. आधीची नोंद मी जागा वाचवायला म्हणून पुसून टाकली होती. म्हणजे चूक माझीही होतीच.

सकाळी येऊन बघते तर आठपैकी तीन कार्डं चक्क रिकामी बसलेली. रिकामी, पण मोकळी नाही. मेमरी भरलेली, काम शून्य टक्के. आमच्या एका सीनियरने आदल्या दिवशी नोटबुक उघडून ठेवलं होतं, आणि त्या नोटबुकने कार्ड धरून ठेवलं होतं. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसंच. मला राग आला, पण फार वेळ टिकला नाही. कारण गेल्या महिन्यात मीही हेच केलं होतं.

या सगळ्यात नुकसान कुणाचं होतं, तर ज्याच्याकडे टाकायला रुमालच नाही त्याचं. आमच्याकडे एमएस्सीची एक मुलगी तिचा प्रोजेक्ट चालवायला रात्री दोनचा गजर लावून उठायची, कारण दिवसा तिला कार्ड मिळायचंच नाही.

माझ्या पीएचडीचा विषय याच्या जवळचाच आहे: अनेक मशीनवर पसरलेली जीपीयू कार्डं आणि साठवण अनेक लोकांनी कशी वाटून घ्यावी. पहिल्या वर्षी गाइडनी सांगितलं होतं, ‘कोड नंतर लिही, आधी इतिहास वाच.’ तेव्हा तो सल्ला मला कंटाळवाणा वाटला. आज या पोस्टमध्ये तो इतिहासच सांगते. कारण आमच्या लॅबमधलं भांडण नवीन नाही, साठ वर्षं जुनं आहे. आणि मधल्या काळात ते एकदा चक्क सुटलंही होतं.

खिडकीवर पत्ते देण्याचे दिवस

१९५० च्या दशकात कॉम्प्युटर वापरणं म्हणजे छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर नेऊन देणं. ऑपरेटर सगळ्यांचे गठ्ठे एकामागून एक मशीनमध्ये घालणार, आणि तुम्हाला निकालाचा कागद काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मिळणार. कुठे एक स्वल्पविराम चुकला असेल तर तो दिवस गेला. मशीन इतकं महाग होतं की त्याचा एक मिनिटही वाया जाऊ द्यायचा नव्हता. माणसाचा दिवस गेला तरी चालेल, असा तो हिशोब.

१९५९ च्या जानेवारीत एमआयटीमध्ये जॉन मकार्थी यांनी एक टिपण लिहून हा हिशोब उलटा करायचं सुचवलं. त्यामागचं निरीक्षण साधं आहे. माणूस टाइप करताना, विचार करताना, डोकं खाजवताना मशीनच्या मानाने प्रचंड वेळ घेतो. मग त्या वेळात मशीनने दुसऱ्याचं काम का करू नये? १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. त्यांच्या प्रणालीचं नाव सीटीएसएस. पहिल्या प्रात्यक्षिकात आयबीएम ७०९ या मशीनला चार जण एकाच वेळी जोडलेले होते. एकाची पाळी संपली की त्याचा प्रोग्राम मेमरीतून उचलून टेपवर ठेवायचा, दुसऱ्याचा आत आणायचा. पुढे आयबीएम ७०९४ वर ही प्रणाली एका वेळी तीसेक लोकांना सेवा देऊ लागली, आणि प्रत्येकाला वाटायचं की मशीन आपल्या एकट्याचंच आहे.

इथे एक आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या मशीनवर वापरणाऱ्याच्या वाट्याला येणारी मेमरी होती ३२,७६८ शब्द, एकेक शब्द ३६ बिटांचा. आजच्या भाषेत १४४ किलोबाइट. पाळी बदलताना उचलून ठेवायचं ओझं जास्तीत जास्त एवढंच.

मशीन वाटून घेतलं म्हणजे साठवणही वाटून घेणं आलं. सगळ्यांच्या फाइली एकाच डिस्कवर, म्हणून प्रत्येकाची कप्पेबंद जागा हवी, म्हणून पासवर्ड हवा. आणि पासवर्ड आला तशी पहिली चोरीही झाली. करणारा कोण? पीएचडीचा विद्यार्थी! अ‍ॅलन शेर यांना आठवड्याला चार तास मशीन मिळायचं, आणि त्यांच्या संशोधनाला ते पुरेना. १९६२ मध्ये त्यांनी पासवर्डची अख्खी फाइल छापून घेण्याची विनंती मशीनला दिली. मशीनने ती निमूटपणे छापून दिली. मग दुसऱ्यांच्या नावाने लॉगिन करून ते आपलं काम करत राहिले. याची कबुली त्यांनी पंचवीसेक वर्षांनी दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय काय होता माहीत आहे? वेळ वाटून घेणाऱ्या याच प्रणालीचं विश्लेषण.

ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत नाहीये. वाटपाचा नियम लोकांच्या गरजेशी जुळला नाही, की हुशार आणि एरवी प्रामाणिक माणसंही पळवाट काढतात. आमच्या सीनियरचा रुमाल आणि शेर यांची छापील यादी ही एकाच घरातली भावंडं आहेत.

आपल्याकडेही मशीन दुर्मीळ होतं, म्हणून ते वाटूनच घ्यावं लागलं. १९६४ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर बसवला गेला, आणि बाहेरगावच्या संस्थांची गणितंही तिथे चालत. ही वाटणी मात्र खिडकीवरच्या रांगेची होती.

मशीन टेबलावर आलं, फाइली हरवल्या

१९८० च्या दशकात प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचं वर्कस्टेशन आलं. वाटणीचं भांडण मिटलं असं वाटलं, पण मिटलं नाही, नुसतं डिस्कवर सरकलं. आता फाइल कुठल्या मशीनवर आहे हे लक्षात ठेवणं आलं. तुमचं मशीन दुसऱ्याने घेतलं असेल तर तुमचं काम अडलं.

सन मायक्रोसिस्टिम्सने यावर एनएफएस काढलं. १९८५ मध्ये ते जगासमोर आलं, आणि आजही आमच्या लॅबची सामाईक डिस्क त्याच्यावरच चालते. त्याची मूळ रचना मला अजून आवडते: सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचं नाही. कोणी कुठली फाइल उघडली आहे, कुठवर वाचली आहे, याची नोंद सर्व्हरकडे नाही. प्रत्येक मागणीतच सगळी माहिती असते: ‘अमुक फाइल, अमुक ठिकाणापासून, एवढे बाइट’. त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडून परत सुरू झाला तरी वापरणाऱ्याचा प्रोग्राम मरत नाही, तो फक्त तीच मागणी पुन्हा पाठवत राहतो. याची किंमत अशी, की दोन मशीननी एकच फाइल पाठोपाठ वाचली-लिहिली, तर एकाला काही क्षण जुनीच प्रत दिसू शकते.

त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या मदतीने अँड्र्यू प्रकल्प चालू होता. तिथल्या फाइल सिस्टिमच्या कामाचं नेतृत्व महादेव सत्यनारायणन यांनी केलं. ते आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. त्यांचा मार्ग उलट होता. फाइल उघडली की तिची प्रत तुमच्याच मशीनच्या डिस्कवर आणून ठेवायची, आणि सर्व्हरने वचन द्यायचं, ‘ही फाइल दुसऱ्या कुणी बदलली तर मी तुला कळवीन.’ वचन मोडेपर्यंत पुन्हा विचारायला जायची गरज नाही. म्हणजे एक सर्व्हर विसराळू पण निश्चिंत, दुसरा लक्षात ठेवणारा आणि म्हणून जास्त लोकांना पुरणारा. साठवण वाटण्याच्या आजच्या बहुतेक पद्धती या दोन स्वभावांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

तिसरी गोष्ट विस्कॉन्सिनची. तिथल्या मायरन लिव्हनी आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की ही टेबलावरची मशीनं बराच वेळ नुसती बसून असतात. १९८८ च्या निबंधात त्यांनी काँडोर नावाची प्रणाली मांडली. मालक कीबोर्डवर नसेल तेव्हा त्याच्या मशीनवर दुसऱ्याचं लांबलचक गणित चालवायचं. मालक परत आला की पाहुण्याने मुकाट्याने उठायचं: त्या क्षणाची सगळी स्थिती नोंदवायची, म्हणजेच चेकपॉइंट घ्यायचा, आणि दुसरं रिकामं मशीन शोधून तिथे पुढे सुरू करायचं. फाइलींचं काय? त्या हलवायच्या नाहीत. काम कुठेही चालो, फाइल वाचायची-लिहायची मागणी नेटवर्कवरून मूळ मशीनकडेच परत यायची. पाहुणा गावोगाव फिरतो, पण जेवणाचा डबा घरूनच येतो.

मशीनं जोडून मोठं मशीन

आतापर्यंत एक मशीन अनेकांत वाटत होतो. १९९० च्या दशकात उलटं सुरू झालं, अनेक मशीनं जोडून एक. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर होते, प्रत्येकाची स्वतःची मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या. १९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारी १६ साधी ४८६ मशीनं इथरनेटने जोडून बेओवुल्फ हा क्लस्टर बांधला. तिथून विद्यापीठांच्या तळघरांत क्लस्टर उगवायला लागले.

क्लस्टर आला की पुन्हा प्रश्न, कुणाची पाळी? अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्लर्म नावाचा रांग सांभाळणारा प्रोग्राम लिहिला. आज जगातल्या अनेक महासंगणकांवर तोच आहे. तुम्ही लिहून द्यायचं, ‘मला एवढे प्रोसेसर, एवढी मेमरी, एवढे तास हवेत’, आणि वाट बघायची. नीट बघितलंत तर ही खिडकी परत आली आहे, फक्त पलीकडे ऑपरेटर नाही.

आणि मग कार्ड आलं

जीपीयू मुळात खेळांसाठी बनलेला. एक मशीन, एक पडदा, एक खेळ. २००७ मध्ये एनव्हीडियाने कूडा उपलब्ध करून दिलं आणि त्यावर साधी गणितं लिहिणं जमू लागलं. २०१२ मध्ये टोरांटोच्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की यांचं अ‍ॅलेक्सनेट आलं. ते जीटीएक्स ५८० या दोन गेमिंग कार्डांवर पाच-सहा दिवस शिकत होतं. दोन कार्डं का? एका कार्डावर मेमरी होती ३ गिगाबाइट, आणि मॉडेल त्यात मावेना, म्हणून त्याचे दोन भाग केले. म्हणजे आज ज्याला आपण डीप लर्निंगची क्रांती म्हणतो, तिच्या पहिल्याच पावलावर कार्डाची मेमरी पायात आली होती.

नंतर मॉडेलं वाढली, कार्डं महागली, आणि ती सगळी परत सामाईक खोलीत गेली. तिथे स्लर्मसारखी प्रणाली तुम्हाला बहुतेक वेळा अख्खं कार्ड देते आणि काम संपेपर्यंत तुमच्याकडेच ठेवते. १९६१ ची युक्ती इथे सहज चालत नाही. का? तो आकडा आठवा, १४४ किलोबाइट. आजच्या एका मोठ्या कार्डाची मेमरी असते ८० गिगाबाइट. कार्ड भरलेलं असताना पाळी बदलायची, तर एवढं ओझं उचलून कुठेतरी ठेवावं लागेल. सामाईक डिस्कपर्यंत जाणारी वाट सेकंदाला १ गिगाबिटची असेल, तर नुसतं लिहायला ६४० सेकंद, म्हणजे दहा मिनिटांहून जास्त. परत आणायला तेवढीच. दहापट वेगाची वाट असली तरी मिनिटभर. अशा पाळीने कुणाचंच काम होणार नाही.

म्हणून आपण अख्खं कार्ड देतो, आणि ते वाया जातं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये स्वतःच्या एका मोठ्या जीपीयू क्लस्टरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांच्या ताब्यात असलेल्या कार्डांचाही सरासरी वापर निम्म्याच्या आसपास निघाला. यात सगळा दोष माणसांच्या रुमालाचा नाही. एखाद्या कामाला आठ कार्डं एकदमच लागत असतील, तर आठवं मोकळं होईपर्यंत आधीची सात अडून राहू शकतात. कार्डं दोन सर्व्हरांत विखुरलेली मिळाली, तर ती एकमेकांशी बोलण्यातच वेळ घालवतात.

तीन तोडगे

यावर गेल्या पंधरा वर्षांत अनेकांनी उपाय केले. मला तीन महत्त्वाचे वाटतात.

पहिला, २०१० च्या सुमाराचा, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठाचा आरकूडा. कार्ड एका मशीनमध्ये, तुमचा प्रोग्राम दुसऱ्यात. प्रोग्रामला वाटतं कार्ड इथेच आहे; मध्ये बसलेली लायब्ररी प्रत्येक हाक नेटवर्कवरून कार्डाच्या घरी पोचवते आणि उत्तर आणून देते. म्हणजे प्रत्येक मशीनमध्ये कार्ड असायची गरज नाही. पण वाट अरुंद असेल तर सगळा वेळ जाण्यायेण्यात.

दुसरा, कार्ड बनवणाऱ्यांचाच. २०२० च्या ए१०० कार्डाचे सात स्वतंत्र तुकडे करता येतात, प्रत्येकाची मेमरी वेगळी, भिंत पक्की. छोट्या कामांना हे उत्तम. पण भिंत आधी घालावी लागते, आणि कामं काही भिंतीच्या मापाने येत नाहीत.

तिसरा माझ्या आवडीचा. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी, त्यांत भारतातलेही होते, एक प्रणाली मांडली आणि तिला नाव दिलं गांडीव. अर्जुनाच्या धनुष्याचं. त्यांनी पाहिलं की मॉडेलचं शिकणं हे हजारो छोट्या फेऱ्यांचं असतं. प्रत्येक फेरीत मॉडेल आधी पुढे जातं, तेव्हा मधल्या आकड्यांनी मेमरी फुगते. मग मागे येतं, तेव्हा ते आकडे सुटत जातात. फेरी संपते त्या क्षणी ओझं सर्वांत कमी असतं. मग पाळी वाटेल तेव्हा कशाला बदलायची? क्षणभर थांबा, फेरी संपू द्या, तेव्हा बदला. डोक्यावरची पाटी दुसऱ्याकडे द्यायची तर माणूस ती खाली टेकवतो तेव्हाच द्यावी, इतकी साधी गोष्ट. पण त्यासाठी रांग सांभाळणाऱ्याला काम आतून समजलं पाहिजे. कोर्बाटोंच्या प्रणालीला त्याची गरज नव्हती, कारण पाटीच हलकी होती.

साठवणीचं घोडं अजून अडलेलंच

आता माझ्या प्रश्नाकडे येते. वरचे तीनही तोडगे मुख्यतः कार्डाचा विचार करतात. पण कार्डाला खायला घालते डिस्क.

समजा, तुमच्याकडे इमेजनेटसारखी १२ लाख ८० हजार छोटी चित्रं आहेत आणि ती सगळी एनएफएसवर, एकेक फाइल म्हणून. प्रत्येक फाइल उघडायला नेटवर्कवर जाऊन येण्यात फक्त एक मिलिसेकंद गेली असं धरा. एकामागून एक उघडली तर एका संपूर्ण फेरफटक्यात १,२८० सेकंद, म्हणजे एकवीस मिनिटं, निव्वळ दार वाजवण्यात गेली. तेवढा वेळ ते महागडं कार्ड वाट बघतंय. यावरचा उपाय अँड्र्यूच्या लोकांना १९८० च्या दशकातच माहीत होता: प्रत घराजवळ आणून ठेवा. चित्रं बांधून मोठ्या गठ्ठ्यांत ठेवा, काम सुरू व्हायच्या आधी त्या सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवा, मग चालवा. गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टिमविषयी लिहिलं तेव्हा त्यांचा एकेक तुकडा ६४ मेगाबाइटचा होता. मोठा तुकडा, कमी हेलपाटे.

पण आता गंमत बघा. डेटा एका सर्व्हरवर उतरवला की माझं काम त्या सर्व्हरला बांधलं गेलं. रांग सांभाळणाऱ्याने मला दुसरीकडचं मोकळं कार्ड दिलं, तर सगळा डेटा पुन्हा वाहून न्यायचा. कार्डाचा निर्णय एक प्रोग्राम घेतो, डिस्कचा दुसरा, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या प्रबंधाचा गाभा हाच आहे, हे दोन निर्णय एकत्र घ्यायचे. कुणाचा डेटा कुठे आधीच उतरलेला आहे ते बघून कार्ड द्यायचं. पाळी बदलण्याचा क्षण पाटी हलकी असताना निवडायचा. आणि चेकपॉइंट लिहायला लागणारी जागा काम सुरू होण्याआधीच राखून ठेवायची. यातली शेवटची गोष्ट त्या रात्री असती, तर माझे तीन दिवस गेले नसते.

हे सगळं वाचून मला जे कळलं ते मात्र तांत्रिक नव्हतं. सीटीएसएसवरचे लोक सेकंदाच्या अंशात मशीन सोडून देत होते, आणि कुणाचीही तक्रार नव्हती. ते आमच्यापेक्षा उदार होते असं नाही. सोडलेलं मशीन लगेच परत मिळणार याची त्यांना खात्री होती. आठवड्याचे चार तास ठरलेल्या शेर यांना तशी खात्री नव्हती, म्हणून त्यांनी यादी छापली. आमच्या सीनियरलाही नव्हती. मी विचारल्यावर तो सरळ म्हणाला, ‘अगं, सोडलं तर परत कधी मिळेल?’ रुमाल हावरटपणाने टाकला जात नाही, भीतीने टाकला जातो. म्हणून नुसती दमदाटी करून रुमाल उचलले जाणार नाहीत. सोडणं स्वस्त आणि परत मिळणं नक्की करावं लागेल.

लॅबमध्ये आम्ही तूर्तास दोन गोष्टी केल्या आहेत. तासभर काम न करणारं कार्ड आपोआप सुटतं, पण ज्याचं सुटलं त्याचं नाव रांगेत सगळ्यांत वर लागतं. आणि चेकपॉइंटची जागा प्रत्येकाला वेगळी राखून दिली आहे, तिथे दुसऱ्याच्या फाइली जाऊच शकत नाहीत. अगदी गावठी उपाय आहेत, प्रबंधात लिहिण्यासारखे नाहीत. सीनियर पहिला आठवडाभर कुरकुरला, मग नोटबुक बंद करून घरी जायला लागला.

एमएस्सीच्या त्या मुलीने आता दोनचा गजर काढून टाकला आहे. पुढच्या पोस्टमध्ये पाटी हलकी असल्याचा क्षण प्रोग्रामला कसा ओळखता येतो, ते चित्रं काढून सांगते.